मुका कोण आणि बहिरा कोण?

गेल्या वर्षीच्या भीमजयंतीला आमच्या गावी, हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान खेड्यात, विहारासमोर मांडव पडला होता. वक्ते आम्हीच होतो. विषय होता संविधान आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य. माईकवाल्याने कर्णे पूर्ण सोडले होते. आम्ही ऐन रंगात आलो असताना पहिल्या रांगेतून, हुबेहूब आमच्याच सुरात, एक वाक्य आले, "मित्रहो, वेळेचं भान ठेवून मी इथंच थांबतो."

मांडव हसला. ते वाक्य आमचेच होते. गेली दहा वर्षे प्रत्येक भाषणाचा शेवट आम्ही त्याच वाक्याने करतो. म्हणणारा होता आमचा भाचा, आमच्या धाकट्या बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा. सूत्रसंचालन करणारा कार्यकर्ता माईकवरून म्हणाला, "मामाचा पोपट चांगला तयार झालाय!" मांडव पुन्हा हसला. खोटे कशाला सांगायचे, आम्हीही हसलो आणि भाषण पुढे रेटले.

बहीण मात्र हसली नाही. ती लेकराला उचलून निघून गेली. रात्री जेवताना ती एवढेच म्हणाली, "दादा, तो अर्ध्या घंट्यापासून म्हणत होता. कान दाबून म्हणत होता. तुमचं भाषण चालूच."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. आमचे ते वाक्य झाले की कर्णे बंद होतात आणि माणसे घरी जातात, हे त्या लेकराने अनेक कार्यक्रमांत पाहिले होते. कर्ण्याचा आवाज त्याला सहन होत नव्हता. 'आता बंद करा, मला घरी न्या' हे सांगायला त्याच्याजवळ सर्वात नेमके वाक्य तेच होते. त्याने ते वापरले. अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बोलणाऱ्या माणसासमोर एक मूल स्वतःची अभिव्यक्ती करत होते, आणि वक्ता हसत होता. हा लेख त्या हसण्याचा जबाब आहे.

मित्रहो, आमचा भाचा स्वमग्न आहे. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात, ते. त्याचे नाव इथे लिहीत नाही. नाव छापण्यापूर्वी माणसाची परवानगी घ्यावी असे आम्ही मानतो, आणि या प्रश्नावर त्याचा होकार किंवा नकार ओळखण्याची रीत आम्हाला अजून सापडलेली नाही.

तो तीन वर्षांचा झाला तरी हाक मारली की वळून पाहत नव्हता. बोट दाखवून काही मागत नव्हता. पाणी हवे असेल तर आईचे मनगट धरून तिला माठापाशी न्यायचा आणि तिचा हात माठावर ठेवायचा. बहिणीला शंका आली होती. तिच्या सासरी कोणी म्हणाले देवऋष्याकडे न्या, कोणी म्हणाले नवस बोला. तिने आम्हाला विचारले. आम्ही समाजशास्त्राचे एम.ए., बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले. आम्ही तिला ठणकावून सांगितले की असले काही करायचे नाही. इथवर आमचे बरोबरच होते. पण त्यापुढे आम्ही म्हणालो, "काही होत नाही गं. पोरं उशिराच बोलतात. मी सुद्धा उशिरा बोललो होतो."

या दुसऱ्या वाक्याला कोणता आधार होता? काहीही नाही. देवऋष्याने अंगारा दिला असता, आम्ही सुशिक्षित माणसाचा अंगारा दिला. त्या वाक्यावर विसंबून बहीण दोन वर्षे थांबली. लेकराच्या आयुष्यातली ही दोन वर्षे अंधश्रद्धेने खाल्ली नाहीत. ती आमच्या आत्मविश्वासाने खाल्ली. विवेकवादी म्हणवून घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे ध्यानात घ्यावे. चुकीचे उत्तर नाकारणे म्हणजे बरोबर उत्तर शोधणे नव्हे.

आमचे डोळे उघडले ते एका मुंगीमुळे. तो पाच वर्षांचा होता. हळद काढणीचे दिवस होते. वसमत आणि कळमनुरीच्या पट्ट्यात त्या दिवसांत वस्तीतली बाईमाणसे पहाटेच शेतावर जातात, तशी आमची माय आणि बहीणही जायच्या. त्या आठवड्यात पोरगा सारखे एकच वाक्य म्हणू लागला, "काई नाई, मुंगी चावली. काई नाई, मुंगी चावली." आम्ही अंथरूण झटकले, खाट उन्हात टाकली, घरभर पावडर मारली. मुंगी काही सापडेना. वाक्य थांबेना. शेजारची पोरे त्याला "मुंग्या" म्हणून चिडवू लागली.

चौथ्या दिवशी माय शेतावरून आली, हातपाय न धुताच त्याच्यापाशी बसली आणि म्हणाली, "ह्याला कुठंतरी दुखायलंय." आम्ही विचारले, कशावरून? ती म्हणाली, "सुई टोचताना नर्सबाई असंच म्हनली व्हती नव्हं? तवा दुखलं व्हतं त्याला." दीड वर्षापूर्वी लस टोचताना नर्सबाईंनी त्याला समजावले होते, "काही नाही, मुंगी चावली." सुई, वेदना आणि ते वाक्य, तिन्ही गोष्टी त्याच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या होत्या. त्याच्या भाषेत 'मुंगी चावली' म्हणजे 'मला दुखते आहे'. डॉक्टरांनी पाहिले तर उजव्या कानात पू झाला होता. चार दिवस ते लेकरू कानाच्या ठणक्याने तळमळत होते आणि स्पष्ट शब्दांत सांगत होते. आम्ही मुंग्या मारत होतो.

आमची माय शाळेत गेलेली नाही. तिने जे ओळखले ते आम्हाला नंतर पुस्तकात सापडले. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे, कधी लगेच तर कधी महिन्या-वर्षांनी म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. मराठीत प्रतिध्वनी-बोल म्हणता येईल. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची नोंद प्रसिद्ध केली, तिथून या विषयाचा आधुनिक अभ्यास रुळला. ही पोपटपंची आणि 'मी'च्या जागी 'तू' म्हणण्याची सवय कॅनर यांनीही नोंदवली होती. आमचा भाचा भूक लागली की म्हणतो, "तुला भूक लागली का?" कारण भूक लागलेल्या वेळी त्याने नेहमी हेच वाक्य ऐकलेले आहे. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काय चुकले?

पुढे अनेक वर्षे अशा बोलण्याला निरर्थक ठरवून ते बंद करण्याचीच खटपट चालली. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन या अभ्यासकांनी मुलांच्या अशा बोलांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले की त्यांना हेतू असतो. मूल त्यातून मागते, होकार देते, आपली पाळी आल्याचे सांगते, स्वतःला सावरते. अर्थ शब्दांत नसतो, ज्या प्रसंगातून शब्द उचलले त्या प्रसंगात असतो. म्हणून तो अर्थ लावायला प्रसंग आठवणारा माणूस लागतो. पदवीधर मामा तो नव्हता. खुरपायला जाणारी आजी होती.

सगळीच स्वमग्न मुले असे बोलत नाहीत. काही सलग, व्याकरणशुद्ध बोलतात, पण थट्टा, टोमणा किंवा आडवळणाची सूचना त्यांना शब्दशः घेतल्यामुळे चुकवते. काहींचा आवाज एकसुरी असतो. काही घरी बोलतात आणि शाळेत त्यांचा शब्द फुटत नाही. काही दमले किंवा घाबरले की आलेले बोलणेही हरवते. आणि अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे पंचवीस ते तीस टक्के मुले शाळेच्या वयातही अगदी मोजके शब्द बोलतात किंवा बोलतच नाहीत. बोलत नाही म्हणजे समजत नाही, हे गणित खोटे आहे. बोलतो म्हणजे सगळे समजते, हेही तितकेच खोटे.

निदानानंतरची पहिली फेरी मोठ्या शहरात झाली. एका वाचा-उपचार केंद्रात आम्हाला सांगण्यात आले की मूल गोंधळते, तेव्हा घरात 'शुद्ध' मराठीच बोला, गावंढळ भाषा बंद करा. बहीण परत येताना बसमध्ये गप्प होती. नंतर म्हणाली, "दादा, मला तसं बोलता येत नाही. मग मी त्याच्याशी बोलूच नाही का?"

हा सल्ला आम्हाला नीट तपासावासा वाटला. कारण आमच्या घरात आधीच एक विचित्र गोष्ट घडत होती. घरातली सगळी माणसे "पायजे", "कामून", "मह्या घरी" असे बोलणारी, आणि हा मात्र टीव्हीतल्यासारखे म्हणायचा, "मला चेंडू हवा आहे." वस्तीतले लोक त्याला "पुणेकर" म्हणत. काहींना तर कौतुक वाटे की पोरगा किती शुद्ध बोलतो!

जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतात त्सुगारू नावाची ठसकेबाज बोली आहे. तिथे मुलांच्या तपासणीचे काम करणारी एक बाई घरी सहज म्हणाली की स्वमग्न मुले त्सुगारू बोलत नाहीत. तिचे पती तोशिहारू मात्सुमोतो हे मानसशास्त्रज्ञ. त्यांना ते पटेना. खोटे ठरवण्यासाठी म्हणून त्यांनी शोध सुरू केला आणि जपानच्या इतर भागांतूनही तेच समोर आले. २०१७ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. त्यामागचा एक विचार असा की बोली माणसे माणसांकडून, एकमेकांच्या नजरेतून आणि जवळिकीतून शिकतात. टीव्हीवरचे वाक्य मात्र दर वेळी एकाच सुरात, एकाच चेहऱ्याने येते. ज्याला माणसांच्या चेहऱ्यांचे सतत बदलणारे गणित जड जाते, त्याला ते न बदलणारे वाक्य सोपे पडते.

म्हणजे आमच्या भाच्याची 'शुद्ध' भाषा ही त्याची प्रगती नव्हती. तो आपल्या माणसांपासून किती अंतरावर उभा आहे, याची ती खूण होती. आणि उपाय काय सांगितला गेला? ते अंतर कमी करायचे सोडून आईनेच टीव्हीसारखे बोलावे! स्वमग्न मुलांना घरात दोन भाषा कानावर पडल्याने नुकसान होते, असे संशोधनातून दिसलेले नाही. उलट आई ज्या भाषेत सहज बोलते, गाते, रागावते ती भाषा तोडली तर मूल आईच्या बोलण्यालाच मुकते.

बौद्ध म्हणून आम्हाला यात नवे काही वाटले नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांकडे गेले आणि म्हणाले, नाना कुळांतून आलेले लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, आम्ही ते छंदात बांधू का? तथागतांनी त्यांना फटकारले आणि लोकांना आपापल्या भाषेत ते शिकू दिले. शुद्धतेचा आग्रह कुठून येतो आणि कोणाचे तोंड बंद करतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. बहिणीला आम्ही सांगितले, "तू जशी बोलतेस तशीच बोल. फक्त हळू बोल, थोडं बोल, आणि बोलून झालं की थांब." ती आता वाक्य बोलून मनात दहापर्यंत आकडे मोजते. सहाव्या-सातव्या आकड्याला बऱ्याचदा उत्तर येते. पूर्वी आम्ही तीन मोजायच्या आतच पुढचा प्रश्न विचारत होतो.

आता मुद्द्याकडे येतो. आजवर सगळी जबाबदारी त्या मुलावर टाकली गेली. त्याने आपल्यासारखे बोलावे, डोळ्यांत पाहावे, हातवारे थांबवावेत. इंग्लंडमधील डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली वेगळा मुद्दा मांडला. दोन वेगळ्या घडणीची माणसे भेटली तर न समजणे दोन्ही बाजूंचे असते. दोष मात्र एकाच बाजूवर लावला जातो, कारण दुसरी बाजू संख्येने मोठी असते. २०२० साली ब्रिटनमध्ये याची एक साधी परीक्षा झाली. आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळी स्वमग्न माणसे असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळाली. म्हणजे तोट त्यांच्यात नव्हती, सांध्यात होती.

आम्हाला इथे जातीची आठवण होते. पण घाई नको. जात आणि स्वमग्नता एक नाहीत. जात ही माणसांनी माणसांवर लादलेली व्यवस्था आहे आणि तिचे उच्चाटनच व्हायला हवे. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीतली जन्मजात भिन्नता आहे. त्यातले कष्ट खरे असतात, आणि ते सगळे समाजाने लादलेले नसतात. स्वमग्न मूल प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात जन्मते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला ढोबळ अंदाज शंभर मुलांमागे एक असा आहे. साम्य आहे ते वागणुकीत. गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले, ही आपली तक्रार. मग आपल्याच वस्तीत एक घर असे का असावे, ज्याला लग्नाचे आमंत्रण येते पण "त्याला आणू नका" असा निरोपही येतो? ते घर आमच्या बहिणीचे आहे. निरोप देणारे आपलेच लोक आहेत.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्या नावातला मूक समाज मुका होता का? त्याच्याकडे अभंग होते, जात्यावरच्या ओव्या होत्या, जलसे होते, अर्ज-विनंत्या होत्या. तो बोलत होता. ऐकणारे बहिरे होते. 'मूक' हे वर्णन बोलणाऱ्याचे कमी आणि ऐकणाऱ्याचे जास्त होते. शंभर वर्षांनी आपणच जर एखाद्या बोलणाऱ्याला मुका ठरवत असू, तर त्या पत्राचा वारसा आपण फक्त बॅनरवर छापत आहोत.

शब्दांचेही असेच. 'स्वमग्न' म्हणजे स्वतःत बुडालेला. हे नाव बाहेरून पाहणाऱ्याने दिले. आमचा भाचा स्वतःत बुडालेला नाही, तो आमचे प्रत्येक वाक्य वर्षानुवर्षे जपून ठेवतो. रूढ शब्द म्हणून आम्ही तो वापरतो, पण अडखळत. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि तो सरकारी झाला. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी तेव्हाच विरोध केला होता. आपल्याला तो विरोध लगेच कळायला हवा. १९३८ साली मुंबई विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांनी विरोध केला, आणि स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. देवाशी नाते जोडणारी नावे वरून मिळतात, तेव्हा हक्काचा प्रश्न दयेच्या खात्यात जमा होतो.

हक्क काय आहेत ते पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नतेसह. या कायद्यात संवादाची जी व्याख्या आहे, ती तोंडच्या बोलण्यापुरती नाही. खुणा, चित्रे, यंत्रे, लेखन ही सगळी साधने संवादच आहेत. कलम १६ प्रमाणे शासनमान्य शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो. कलम १७ प्रमाणे बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनांना उत्तेजन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आणि कलम ९२ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. अपमानित करण्याच्या हेतूने, लोकांसमक्ष, जाणूनबुजून अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. भाषा ओळखीची वाटते ना? ॲट्रॉसिटी कायद्याचीच ती भाषा आहे. ही दोन्ही कवचे एकाच मुलाच्या अंगावर असू शकतात. आमच्या भाच्याच्या अंगावर आहेत.

तरीही एका शाळेत आम्हाला सांगितले गेले, "आधी बोलायला शिकवा, मग आणा." आम्ही कलम १६ ची प्रत पुढे ठेवली. प्रवेश मिळाला. ज्या आईकडे कायदा वाचणारा भाऊ नाही, जी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर सहा महिने बाहेर असते, तिचे काय? प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ६ गटांतले ४० मुद्दे आहेत, आणि त्यांतला एक गट वाचा, भाषा आणि संवादाचा आहे. ती तपासणी करणारा तज्ज्ञ तालुक्याला बसत नाही. मूल नव्या जागेत घाबरते, तिथे काहीच करत नाही, परत यावे लागते. प्रत्येक फेरीला दोन माणसांची मजुरी बुडते. जातीने आणि गरिबीने हे अंतर वाढते, ते असे.

बोलण्याची वाट पाहत बसू नये, हा आमचा सर्वात मोठा धडा. आम्हाला भीती होती की चित्रांनी मागायची सवय लागली तर पोरगा बोलायचा राहील. २००६ साली या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चित्रे किंवा यंत्रे वापरल्याने कोणाचेही बोलणे कमी झालेले त्यात दिसले नाही, उलट बहुतेकांचे थोडे वाढले. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागाने 'जेलो' नावाचे मोफत ॲप केले आहे. त्यात मराठीही आहे. मोबाईल नसेल तर पुठ्ठा चालतो. आमची माय, बहीण आणि आम्ही मिळून एका फाइलमध्ये चित्रे चिकटवली आहेत. पाणी, भाकर, संडास, दुखते, घरी चल, आवाज बंद. 'दुखते'च्या चित्रात मुंगी काढली आहे. ती त्याला लगेच कळली.

एक इशारा मात्र देतो. मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरपाटीवर 'त्याचे' विचार लिहून घेण्याच्या पद्धती आहेत. तपासणीत असे वारंवार दिसले की शब्द हात धरणाऱ्याचे असतात. अमेरिकेतील वाचा-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली त्यांच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतली. दुसऱ्याने हात धरून आपल्या नावाने बोलणे काय असते, हे गोलमेज परिषदेपासून आपल्याला ठाऊक आहे. साधन असे हवे की मूल ते स्वतःच्या हाताने वापरेल, मग एकच चित्र का दाखवेना.

आणि आयांना दोष देणे थांबवा. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी थंड मनाच्या आईमुळे मूल असे होते, हा समज पुस्तक लिहून पसरवला. तो खोटा ठरला. आपल्याकडे आता "आईने मोबाईल दिला म्हणून झालं" असे म्हणतात. तेही खरे नाही. काही जण लसीला दोष देतात. १९९८ चा तो ब्रिटिश शोधनिबंध २०१० साली नियतकालिकानेच मागे घेतला. मुंगीच्या गोष्टीवरून कोणी लस टाळली तर हा लेख लिहिल्याचे आम्हाला दुःख होईल.

कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, आलेले शब्द हरवत असेल, तर "उशिरा बोलेल" हे वाक्य तोंडातून काढू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. त्यांना ते मूल दाखवावे. आधी कानांची तपासणी करून घ्यावी. दुसरे, प्रमाणपत्राच्या फेरीला सोबत जावे, कारण एकट्या बाईला खिडकीवरून परत पाठवणे सोपे असते. तिसरे, गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना शाळेत बोलवून घ्यावे. चौथे, विहारात चित्रांचा एक तक्ता लावावा आणि वंदनेच्या वेळी लेकरू येरझारा घालत असेल तर घालू द्यावे. पाचवे, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेचा आवाज किमान एका टप्प्यात तरी बंद ठेवावा. बाबासाहेबांच्या जयंतीतून एखादे लेकरू कान दाबून पळून जात असेल, तर ती जयंती पूर्ण झाली असे आम्ही मानणार नाही.

हे शेवटचे आम्ही यंदा बैठकीत मांडले तेव्हा तरुण पोरे चिडली. वर्षातून एक दिवस, त्यातही बंदी? वाद झाला. अखेर एवढेच ठरले की विहारापासून शाळेपर्यंत डीजे बंद आणि हलगीही नाही, नुसत्या मेणबत्त्या आणि घोषणा. त्या टप्प्यात बहीण लेकराला घेऊन रांगेत आली. तो आजीचे बोट धरून चालला. घोषणा त्याने दिल्या नाहीत. शाळेजवळ डीजे पुन्हा सुरू व्हायच्या आधी त्याने फाइल उघडली आणि 'घरी चल'वर बोट ठेवले. बहीण त्याला घरी घेऊन गेली.

रात्री सभा होती. आम्ही बोलायला उभे राहण्याआधी माईकवाल्याकडे गेलो आणि दोन कर्णे उतरवायला लावले. भाषणही निम्म्यावर आणले. शेवटचे वाक्य तेच ठेवले. ते आता आमच्या घरात एका माणसाच्या उपयोगाचे आहे, बदलता येत नाही.

जय भीम!